पोटावरची पिशवी नको म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं का? (गुदाशयाचा कॅन्सर, मुंबई)

केळीचं_पान

मुलुंडहून लिहितेय. माझ्या धाकट्या दिरांना, वय ४३, गुदाशयाचा कॅन्सर निघाला. गाठ अगदी खालच्या भागात, गुदद्वारापासून चारेक सेंटिमीटरवर. परळला टाटात फाइल आहे. आधी रेडिएशन आणि केमो झालं, मग पुन्हा एमआरआय झाला आणि आता ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पोटावर मल गोळा करणारी पिशवी येणार. शौचाची जागा वाचली तर तात्पुरती, नाही वाचली तर कायमची, आणि दोन्हींसाठी सही हवी.

दीर बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. रेडिएशननंतर रक्त पडायचं थांबलं, दुखणं गेलं, जेवण सुधारलं. त्यामुळे त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, मला आता काही होत नाहीये. ती पिशवी लावून गर्दीत तिकिटं कशी फाडू?" सासूबाईंची काळजी वेगळी. घरचा गणपती दिरांच्याच हातून बसतो, पिशवी असताना पूजेला बसलेलं चालेल का, हे त्या प्रत्येकाला विचारतात. त्यात गावाकडच्या एका नातेवाइकांनी काढा पाठवलाय. सहा महिने तो घेऊन बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं घरात बोललं जातंय.

काढ्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. ज्यांनी हे घरात पाहिलंय किंवा स्वतः सोसलंय त्यांनी कृपया लिहा. मी धागा दिरांना वाचून दाखवणार आहे.

भायखळा_स्लो

सहा महिने अजिबात नको, ताई. रेडिएशननंतर ऑपरेशनची एक ठरावीक मुदत असते. ती डॉक्टरांकडून तारखेनिशी लिहून घ्या. आमच्या शेजारच्या काकांनी "आता बरं वाटतंय" म्हणून जाणं बंद केलं. परत गेले तोवर गाठ मागच्या हाडाला चिकटली होती.

चिरेबंदी

मी महापालिकेच्या रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. तुमच्या दिरांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण त्यांना बरं का वाटतंय आणि तरी ऑपरेशन का सांगितलंय, एवढं मी नक्की सांगू शकतो.

रेडिएशनने गाठ आकसते, रक्तस्राव थांबतो, जोर करावा लागत नाही. हे अपेक्षितच असतं, त्यासाठीच ते आधी देतात. पण गाठ फक्त आतल्या बाजूला दिसते तेवढीच नसते. गुदाशयाची लांबी साधारण १५ सेंटिमीटर आणि त्याच्याभोवती चरबीचं एक आवरण असतं. लिम्फ नोड (शरीराच्या बारीक संरक्षक ग्रंथी) त्या चरबीत असतात आणि कॅन्सरच्या पेशी तिथेच जाऊन बसतात. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड या सर्जननी दाखवून दिलं की हे आवरण कुठेही न फाटता, अखंड बाहेर काढलं तर त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण फार कमी होतं. आज जगभर हेच ऑपरेशन करतात. या ऑपरेशनमध्ये सर्जनचं सगळं कसब ते आवरण शाबूत ठेवण्यात लागतं. कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत, पुरुषांत तर आणखीच अरुंद, मूत्राशयाच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा बाजूला सांभाळत ते करायचं असतं. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या टीमकडूनच करून घ्यावं. तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

आता पिशवीबद्दल. पूर्वी पर्यायच नव्हता. १९०८ मध्ये लंडनच्या माइल्स यांनी पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. त्यात गुदद्वारही जायचं आणि प्रत्येकाला कायमची पिशवी यायची. पुढे आतडी जोडायचे स्टेपलर आले आणि बऱ्याच जणांची जागा वाचू लागली. दिरांच्या बाबतीत प्रश्न हा की गाठ शौच रोखून धरणाऱ्या स्नायूपर्यंत पोचली आहे का. पोचली असेल तर स्नायू काढावाच लागतो आणि मोठ्या आतड्याचं पोटावर काढलेलं तोंड कायमचं असतं (कोलोस्टोमी). पोचली नसेल तर आतडं खाली जोडतात. इतक्या खालचा जोड, तोही रेडिएशन झालेल्या भागात, कच्चा राहू शकतो. तो गळला तर विष्ठा पोटात पसरते आणि जिवावर बेतू शकतं. तो भरून येईपर्यंत मल वरूनच वळवायचा म्हणून लहान आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढतात (आयलिओस्टोमी). या पिशवीने जोड गळण्याचे परिणाम बरेच कमी होतात. तिला शिक्षा समजू नका.

सातवा_मजला

डॉक्टर, गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात असं ऐकलंय. ते इथे चालेल का?

चिरेबंदी

हो, तशी पद्धत आहे. ब्राझीलच्या अँजेलिटा हाबर-गामा यांनी ती पुढे आणली. पण त्यासाठी बोटाने तपासून, दुर्बिणीने आणि एमआरआयवर, तिन्ही ठिकाणी गाठीचा मागमूस नसावा लागतो. आणि मग पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी न चुकता तपासणीला यावं लागतं, कारण काही जणांत गाठ परत उगवते आणि तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं. केळीचं_पान, "गाठ पूर्ण गेली आहे का, आम्ही त्यात बसतो का?" हे जरूर विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. पण स्वतःच घरी बसून "आता काही होत नाही" म्हणणं आणि ही पद्धत यांचा काही संबंध नाही. बायोप्सीच्या नमुन्यावर एमएमआरची (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची) तपासणी झाली आहे का तेही विचारून ठेवा. थोड्याच रुग्णांत ही यंत्रणा सदोष निघते, पण निघाली तर इम्युनोथेरपीचा विचार होतो आणि घरातल्या इतरांच्या तपासण्याही ठरतात.

निवृत्त_सिस्टर

केळीचं_पान, मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं स्टोमाच्या (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) पेशंटांबरोबर काढली. एकच गोष्ट मनापासून सांगते, ती ऑपरेशनच्या आधी करून घ्या. पोटावर खूण.

स्टोमा कुठे यायचा ती जागा आदल्या दिवशी, पेशंट जागा असताना ठरवायची असते. टेबलावर उताणा झोपलेल्या माणसाचं पोट सपाट असतं. तोच माणूस मांडी घालून बसला की घडी पडते, आणि स्टोमा घडीत आला तर पिशवीची चकती कधीच नीट चिकटत नाही. रोज गळती, कातडी सोललेली, माणूस घराबाहेर पडेना. आम्ही पेशंटला झोपवायचो, बसवायचो, उभं करायचो, वाकायला लावायचो आणि प्रत्येक वेळी बघायचो की त्याला स्वतःला ती जागा दिसतेय का. पोट सुटलेल्या माणसाला बेंबीखालचं दिसत नाही, मग तो पिशवी लावणार कशी? बायकांना परकर नेसून यायला सांगायचो, नाडी कुठे बांधतात ते बघायला. नाडी स्टोमावर आली की दिवसभर काचते.

तुमच्या दिरांना गणवेशाची पँट घालून, पट्टा लावून, खांद्याला कंडक्टरची बॅग अडकवून स्टोमा क्लिनिकमध्ये न्या. बॅग कुठल्या बाजूला येते, पैसे घेताना हात कुठून फिरतो, बसच्या दांड्याला कुठली बाजू टेकवून उभे राहतात, हे सिस्टरना करून दाखवू दे. सहसा आयलिओस्टोमी उजवीकडे आणि कोलोस्टोमी डावीकडे येते. काय होणार ते नक्की नसेल तर दोन्ही बाजूंना खूण करतात. पक्क्या शाईची खूण असते, आंघोळीत पुसली जाऊ देऊ नका.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पिशवी बंद असते, वास बाहेर येत नाही. सकाळी रिकामी करून, आंघोळ करून, सोवळं नेसून खुशाल पूजेला बसू दे. माझे कितीतरी पेशंट सत्यनारायणाला बसलेत, एकांनी मुलीचं कन्यादान केलंय.

ओला_काजू

सिस्टर, +१००. माझ्या आईच्या वेळी इमर्जन्सी ऑपरेशन झालं, आतडं पूर्ण बंद झालेलं, खूण करायला वेळच नव्हता. स्टोमा नेमका घडीत आला. चकती दोन दिवसही टिकत नसे.

पाचवी_गल्ली

कंडक्टरसाहेबांसाठी लिहितोय. मला कायमची कोलोस्टोमी आहे. लालबागच्या चाळीत राहतो, गोडाऊनमध्ये हिशेब बघतो, रोज लोकलने जातो.

साहेब, तुम्हाला वाटत असेल की जागा वाचली म्हणजे जिंकलो आणि कायमची पिशवी आली म्हणजे संपलं. मलाही डॉक्टरांनी दोन्ही रस्ते समजावले होते. माझी गाठ स्नायूला अगदी खेटून होती. ओढूनताणून जागा वाचवता आली असती, पण मग दिवसाला किती वेळा जावं लागेल, कळ आली की किती वेळ धरून ठेवता येईल, याची खात्री नव्हती. चाळीत मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, सकाळी रांग. मी विचार केला आणि कायमची पिशवी घेतली. आज मला ते बरोबर वाटतं.

माझा दिवस सांगतो. मी पाण्याने आतडं धुतो. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी सिस्टरनी शिकवलं. एका पिशवीत साधारण लिटरभर कोमट पाणी घेऊन मोरीतल्या खिळ्याला, खांद्याच्या उंचीवर टांगायचं. नळीच्या टोकाला मऊ रबरी शंकू असतो, तो स्टोमाला टेकवून पाणी सावकाश सोडायचं. घाई केली की पोटात मुरडा येतो. मग स्टोमावर मल खाली नेणारी लांब प्लास्टिकची बाही लावून बसायचं, अर्ध्या-पाऊण तासात सगळं बाहेर. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत बहुतेक काहीच येत नाही. वर छोटी टोपी चिकटवतो, शर्टाखाली काही कळत नाही. हे फक्त मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या स्टोमाला चालतं, तात्पुरत्या आयलिओस्टोमीला नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

त्रास काय झाला तेही सांगतो. खालची जखम भरायला फार वेळ लागला, रेडिएशनमुळे. बरेच दिवस एका बाजूला कलून बसायचो. वजन उचलणं बंद, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होतो. गर्दीत कोपर लागेल ही भीती पहिल्यांदा फार वाटते. स्टोमाला स्वतःला दुखत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नसतात. त्यामुळे धक्का लागला तर कळतही नाही, म्हणून घरी आल्यावर बघून घ्यायचं.

हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असेल तर लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं. सुरुवातीचे महिने तिथूनच जा.

चिरेबंदी

पाचवी_गल्ली यांचा प्रतिसाद प्रत्येक रुग्णाला वाचायला द्यावा असा आहे. त्यांनी जे मांडलंय ते आम्ही डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत पुरेसं सांगत नाही, म्हणून थोडं वाढवतो.

गुदाशय म्हणजे मल साठवायची जागा. ती काढून वरचं आतडं थेट खाली जोडलं की साठवण जाते. तात्पुरती पिशवी बंद केल्यावर कित्येकांना दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, एकदा गेलं की पुन्हा पुन्हा, आणि कळ आली की थांबता येत नाही. पहिल्या वर्षात बरंच सुधारतं, दोन वर्षांपर्यंत सुधारत राहतं. स्नायूंचे व्यायाम, औषधं, खाण्यातले बदल यांचा उपयोग होतो. पण जोड जितका खाली आणि रेडिएशन झालेलं असेल तितका हा त्रास जास्त राहतो. काही जणांची तात्पुरती पिशवी बंद करता येतच नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

टेबलाशी बसून काम करणाऱ्याला आणि शेजारी स्वच्छतागृह असणाऱ्याला हे निभावतं. कंडक्टर बांद्रा ते कुर्ला भर ट्रॅफिकमध्ये बस सोडून उतरणार कुठे? त्यांच्या कामाच्या दृष्टीने कायमची कोलोस्टोमी जास्त सुखाची ठरू शकते. ठरेलच असं मी म्हणत नाही. पण सर्जनला "जागा वाचेल का?" इतकंच विचारून थांबू नका. "वाचली तर मला दिवसभर कंडक्टरची ड्यूटी करता येईल का?" हेही विचारा. कंडक्टर आहात हे त्यांना माहीत आहे का, इथपासून सुरुवात करा.

सातवा_मजला

आणि ऑपरेशन दुर्बिणीने की पोट उघडून? एका ठिकाणी रोबोटचं सांगितलं होतं, खर्च ऐकून परत आलो.

चिरेबंदी

दुर्बिणीने केलं तर जखम लहान, दुखणं कमी, माणूस लवकर चालायला लागतो. आपल्याकडे दुर्बिणीने पित्ताशय काढायची सुरुवात इथेच, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९० मध्ये केली. पुढे आतड्याच्या ऑपरेशनांनाही ती पद्धत आली. पण कॅन्सर बरा होण्याच्या दृष्टीने उघडं, दुर्बीण आणि रोबोट यांत, अनुभवी हातात, मोठा फरक पडत नाही. रोबोटसाठी दागिने मोडू नका.

पेणकर_७१

थोडं विषयांतर. मला वर्षभर मधूनमधून रक्त पडतंय. वय ५२. मूळव्याध आहे असं एका क्लिनिकने न तपासताच सांगितलं आणि लेझरचं पॅकेज दिलं. घ्यावं का?

चिरेबंदी

हे विषयांतर नाही, हाच मूळ विषय आहे. न तपासता मूळव्याध म्हणणारा कोणीही असो, तिथे पैसे देऊ नका. केईएम, सायन, नायर, जे. जे., कुठेही सर्जरी ओपीडीत केसपेपर काढा आणि बोट घालून तपासून घ्या. दोन मिनिटांची तपासणी आहे. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी नुसत्या बोटाला लागतात. तुमच्या वयात वर्षभर रक्त पडत असेल तर मूळव्याध दिसली तरीही कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावी, कारण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. शौचाची सवय बदलणं, साफ न झाल्यासारखं वाटणं, चिकट आव पडणं, हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काही असेल तर चालढकल नको. तिशी-चाळिशीतले रुग्णही आम्ही पाहतो. लोकलच्या डब्यातल्या "ऑपरेशनशिवाय गॅरंटी"च्या जाहिराती वाचून वर्षभर मलमं लावून आलेली तरुण मुलं पाहिली की फार वाईट वाटतं.

खरी मूळव्याध असेल तर पहिल्या पायऱ्यांवर पाणी, चोथा आणि औषधांनी भागतं. पुढे रबर बँड बांधतात. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

चाफेकळी

माझ्या बहिणीला आतड्याचा टीबी आहे. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे अरुंद झालंय. तिलाही पिशवी येईल का?

चिरेबंदी

बहुधा नाही. आधी टीबीची औषधं पूर्ण करायची, त्यानेच अनेकांचं आतडं मोकळं होतं. ऑपरेशन लागतं ते आतडं बंद पडलं, फुटलं किंवा अरुंद भाग उघडलाच नाही तर. तो भाग काढून बहुतेक वेळा लगेच जोडता येतं. पोट फुगून उलट्या आणि वारा सरणं बंद झालं तर मात्र रात्री-अपरात्री सुद्धा थेट कॅज्युअल्टी गाठा.

ओला_काजू

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडे जा, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. बिल भरून नंतर धावपळ केली तर काही हाती लागत नाही. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत देणं धर्मादाय कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेविकेला भेटा आणि "खाट नाही" असं सांगितलं तर तसं लेखी मागा.

बाहेरगावच्यांसाठी: दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे टाटाच्या पेशंट-नातेवाइकांची सोय होते. हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन जा.

पिशव्यांचा खर्च दर महिन्याचा असतो, तो आधीच धरून चला. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच आहे, तिथे मदत मिळते आणि पिशवी लावून वर्षानुवर्षं जगणारी माणसं भेटतात.

केळीचं_पान

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा रात्री भावजींना वाचून दाखवला. पाचवी_गल्लींचा प्रतिसाद त्यांनी स्वतः दोनदा वाचला आणि मग विचारलं, "खिळ्याला टांगतात म्हणजे बाहेरगावी गेल्यावर कसं करतात?" त्या घटकेला मला कळलं की ते ऑपरेशनच्या पलीकडचा विचार करायला लागलेत. परळला गेलो. गाठ पूर्ण गेलेली नाही, त्यामुळे नुसतं लक्ष ठेवण्यात आम्ही बसत नाही. सर्जनना कामाचं सांगितलं, त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. भावजींनी दोन्हींसाठी सही केली, पण जोड फार खाली जात असेल तर ओढाताण नको, कायमची चालेल, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गणवेश आणि बॅगेसकट दोन्ही बाजूंना खूण झाली. पट्टा डावीकडच्या खुणेवर येत होता, म्हणून सिस्टरनी ती वर सरकवली.

पाचवी_गल्ली

साहेब, बाहेरगावी दरवाजाच्या कडीला टांगतात. शुभेच्छा. ऑपरेशननंतर भेटायला येतो, वॉर्ड कळवा.

मोगरा_२२

माझ्या वडिलांना नुकतीच आयलिओस्टोमी झाली, घरी आणलंय. पिशवी सारखी पाण्यासारखी भरते, ते भरपूर पाणी पितात तरी गळून गेलेत, लघवी कमी झालीय. काय करू?

निवृत्त_सिस्टर

मोगरा, आज रात्रीच हॉस्पिटलला फोन कर, उद्यावर टाकू नकोस. पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात ओतून लिहून ठेव. चोवीस तासांत दीड लिटरच्या वर जात असेल, किंवा लघवी कमी, गडद, चक्कर, पायात गोळे, तर सरळ दाखल करायला ने. आयलिओस्टोमीतून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पाजलं की ते आणखी खेचून बाहेर येतं आणि किडनीवर ताण येतो. साधं पाणी, चहा, नारळपाणी, सरबतं कमी कर. पाकिटावर लिहिलंय त्या मापाने ओआरएस बनव आणि घोट घोट दे. मऊ भात, पिकलेलं केळं, साबुदाण्याची पेज, दही याने घट्टपणा येतो. मक्याचं कणीस, शेवगा, फणस, कच्चा कोबी, सुकं खोबरं सुरुवातीचे आठवडे नको, स्टोमाच्या तोंडाशी अडकतं. जुलाब थांबायची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नकोस, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्या फोनवर आवर्जून सांग. कुठल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं ते मला खासगी निरोपात कळव, तिथल्या स्टोमा सिस्टरना सकाळी कधी गाठायचं ते सांगते.